अंतराळातला निरोप्या भाड्याने घेताना

नासाने ८ नोव्हेंबर २०२४पासून आपल्या टीडीआरएस या रिले, म्हणजे यानांचे निरोप झेलून जमिनीवर पोचवणाऱ्या, उपग्रहांच्या जाळ्यावर नव्या मोहिमा घेणे बंद केले. आधीच जोडलेल्या मोहिमांना सेवा मिळत राहील. नव्यांनी ती खासगी कंपन्यांकडून विकत घ्यावी, असे हे धोरण आहे. त्याबद्दल वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांची उत्तरे या अंकात देत आहोत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न (सातारा) : २८ जून २०२५ रोजी शुभांशू शुक्ला आणि पंतप्रधान यांचे बोलणे १८ मिनिटे चालले. अंतराळ स्थानक तर दहा मिनिटांत आकाशातून निघून जाते. मग बोलणे तुटले कसे नाही?

उत्तर : तुमचे निरीक्षण बरोबर आहे. अंतराळ स्थानक सुमारे ४१५ किलोमीटर उंचीवरून सेकंदाला ७.६६ किलोमीटर वेगाने जाते. अगदी डोक्यावरून गेले तरी उगवल्यापासून मावळेपर्यंत दहाएक मिनिटे मिळतात, बाजूने गेले तर त्याहून कमी. शाळांशी हॅम, म्हणजे हौशी, रेडिओवरून होणारी अंतराळवीरांची बोलणी तेवढ्याच वेळात आटपावी लागतात, कारण तिथे रेडिओलहरी स्थानकावरून थेट जमिनीवर येतात.

पंतप्रधानांशी झालेले बोलणे थेट खाली आले नाही, ते आधी वर गेले. स्थानकावरची कू-बँडची (कू, का, एस, एल ही रेडिओलहरींच्या पट्ट्यांची नावे) अँटेना ३५,७८६ किलोमीटर उंचीवरच्या टीडीआरएस उपग्रहावर रोखलेली असते. तो उपग्रह सिग्नल झेलून न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्स किंवा ग्वाम बेटावरच्या ग्राउंड स्टेशनकडे पाठवतो. तिथून जमिनीवरच्या जाळ्यातून ह्यूस्टनचे नियंत्रण केंद्र, आणि ह्यूस्टनहून दिल्ली. वर जाणे आणि खाली येणे मिळून ७५ ते ८० हजार किलोमीटरचा प्रवास. प्रकाशाच्या वेगानेही त्याला पाव सेकंद लागतो. प्रश्न जाऊन उत्तर येईपर्यंत अर्धा सेकंद, शिवाय मधल्या यंत्रांचा वेळ वेगळा. अशा संवादात प्रत्येक वाक्यानंतर जी क्षणभराची शांतता जाणवते ती त्यामुळे.

एक टीडीआरएस स्थानकाच्या क्षितिजाखाली गेला की अँटेना दुसऱ्याकडे वळवावी लागते आणि तेवढा वेळ चित्र बंद पडते. म्हणून महत्त्वाचे संवाद, स्थानक एकाच उपग्रहाच्या नजरेत सलग राहील अशा वेळेला बसवतात.

प्रश्न (पुणे) : या उपग्रहांना भारतावरचे आकाश दिसत नसे, असे वाचले. हे खरे आहे का?

उत्तर : खरे आहे, आणि हिशेब केला तर पुणेकरांना नवल वाटेल असे उत्तर येते. सुरुवातीच्या रचनेत दोन मुख्य जागा होत्या, ४१ अंश पश्चिम आणि १७१ अंश पश्चिम. दोन्ही अशा निवडल्या की उपग्रह न्यू मेक्सिकोतून थेट दिसावेत. भूस्थिर, म्हणजे पृथ्वीबरोबर फिरत आकाशात एकाच जागी दिसणाऱ्या, उपग्रहाला आपल्या खालच्या बिंदूपासून सुमारे ८१ अंशांपर्यंतची जमीन दिसते. ४०० किलोमीटर उंचीवरचे यान त्यापलीकडेही आणखी २० अंश दिसत राहते. म्हणजे एकूण १०१. आता ४१ पश्चिमेपासून पूर्वेकडे १०१ अंश मोजा, ६० अंश पूर्व येते. १७१ पश्चिमेपासून पश्चिमेकडे १०१ मोजा, ८८ अंश पूर्व येते. या दोहोंच्या मधला पट्टा आंधळा. त्याची मधली रेषा ७४ अंश पूर्व. पुण्याचा रेखांश ७३.८६.

हा पट्टा मुख्यतः हिंदी महासागरावर पसरलेला होता. प्रत्येक प्रदक्षिणेत यान तिथून जाताना काही मिनिटे गप्प व्हायचे. एप्रिल १९९१मध्ये सोडलेल्या कॉम्प्टन गॅमा किरण वेधशाळेवरचे टेप रेकॉर्डर बिघडले, तेव्हा या गप्प मिनिटांची किंमत कळली. माहिती साठवून नंतर पाठवायची सोयच उरली नाही. दिसेल तेवढ्या वेळात पाठवली तीच खरी. मग जुना टीडीआरएस-१ पूर्वेकडे ८५ अंशांच्या जागेवर नेला आणि त्याच्यासाठी ऑस्ट्रेलियात कॅनबेराजवळ वेगळे ग्राउंड स्टेशन उभारले. पुढे १९९८मध्ये ग्वामचे केंद्र आले आणि पट्टा कायमचा मिटला.

नव्या कंत्राटांचा विचार करताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी. ‘जगभर कव्हरेज’ या शब्दांत असा पट्टा सहज लपतो. नकाशा मागितल्याशिवाय तो दिसत नाही.

प्रश्न (नागपूर) : उपग्रह जुना होतो म्हणजे नेमके काय झिजते? तिथे ना धूळ ना गंज.

उत्तर : सर्वांत आधी संपते ते इंधन. चंद्र-सूर्याच्या ओढीने भूस्थिर उपग्रहाची कक्षा विषुववृत्तापासून दरवर्षी पाऊणएक ते एक अंश कलत जाते. ती सरळ ठेवायला थ्रस्टर, म्हणजे छोटी इंजिने, चालवावे लागतात. इंधन वाचवायचे ठरले की हे काम आधी सोडून देतात. मग उपग्रह रोज उत्तर-दक्षिण डोलतो आणि खालच्या अँटेनांना त्याच्या मागे वळत राहावे लागते. त्यानंतर बॅटऱ्या, दिशा सांभाळणारी फिरती चाके, आणि सिग्नलला जोर देणाऱ्या ट्रॅव्हलिंग वेव्ह ट्यूब. ही ट्यूब म्हणजे जुन्या रेडिओतल्या व्हॉल्व्हची लांबची बहीण. वर्षानुवर्षे तापत राहते आणि एक दिवस जाते. एकीला बदली म्हणून दुसरी असते, पण तिलाही अंत आहे.

टीडीआरएस-१ची कहाणी या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. ४ एप्रिल १९८३ रोजी चॅलेंजर या शटल यानातून तो निघाला. वरच्या टप्प्याचे रॉकेट बिघडले आणि उपग्रह ठरल्यापेक्षा बऱ्याच खालच्या, लांबट कक्षेत अडकला. दिशा सुधारण्यासाठी बसवलेल्या, जेमतेम एका पौंडाच्या जोराच्या थ्रस्टरनी त्याला थोडा थोडा ढकलत, निघाल्यापासून जवळपास तीन महिन्यांनी, २९ जून १९८३ला, जागेवर नेले. त्याचे आयुष्य दहा वर्षांचे धरले होते. कक्षा कलल्यावर तो दक्षिण ध्रुवावरूनही दिसू लागला आणि अंटार्क्टिकातल्या संशोधन केंद्राला त्याचा उपयोग झाला. ऑक्टोबर २००९मध्ये त्याची उरलेली शेवटची ट्यूब गेली. २०१०मध्ये त्याला निवृत्त केले.

दुसरा उपग्रह २८ जानेवारी १९८६च्या चॅलेंजर अपघातात गेला. तीन ते सात हे १९८८ ते १९९५ या काळात शटलमधून गेले, आठ ते दहा २००० ते २००२मध्ये, आणि अकरा, बारा, तेरा अनुक्रमे २०१३, २०१४ आणि २०१७मध्ये. शेवटच्या तिघांचे आयुष्य पंधरा वर्षांचे धरलेले आहे. सर्वांत नवा उपग्रहही २०३०च्या दशकात थकणार, हे यावरून स्पष्ट होते.

प्रश्न (ठाणे) : तेरा पाठवले, चौदावा का नाही? सरकारने स्वतःचे साधन सोडून भाड्याच्या मागे का लागावे?

उत्तर : चौदाव्याची सोय होती. २००७मध्ये बोइंगला दिलेल्या कंत्राटात दोन उपग्रह पक्के आणि आणखी दोन ऐच्छिक होते. त्यांतला एक घेतला, तोच २०१७चा टीडीआरएस-१३. दुसरा घेतलाच नाही.

कारण सरळ आहे. १९८३मध्ये अवकाशातली अशी सेवा विकणारे कोणी नव्हते. आज व्यापारी उपग्रहांची क्षमता सरकारी जाळ्याच्या कितीतरी पट आहे आणि तिचा खर्च विमाने, जहाजे, घरे असे लाखो ग्राहक मिळून उचलतात. दोन-तीन डझन मोहिमांसाठी वेगळा ताफा, वेगळे ग्राउंड स्टेशन आणि वेगळा कर्मचारीवर्ग पोसणे आता परवडण्यासारखे नाही.

भाड्याची कल्पनाही नवी नाही. १९७६मध्ये नासाने टीडीआरएसचे पहिले कंत्राट दिले ते सेवेचेच होते. वेस्टर्न युनियनच्या पुढाकाराने झालेल्या कंपनीने उपग्रह बांधून घ्यायचे, चालवायचे आणि नासाने सेवेचे पैसे मोजायचे. त्याच उपग्रहांवर व्यापारी दळणवळणाची यंत्रणाही बसवायची होती. पण त्या सेवेला नासाशिवाय म्हणण्यासारखा ग्राहक नव्हता, त्यामुळे जोखीम फिरून सरकारकडेच आली आणि पुढे मालकीही नासाकडे गेली. त्या वेळी नसलेली बाजारपेठ आज आहे. आमच्या मते दोन प्रयत्नांमधला खरा फरक हा एवढाच आहे.

यावेळची पद्धत दोन पायऱ्यांची आहे. २० एप्रिल २०२२ रोजी क्लीव्हलँडच्या ग्लेन संशोधन केंद्रातील प्रकल्पातून सहा कंपन्यांशी करार जाहीर झाले, एकूण २७ कोटी ८५ लाख डॉलरचे. स्पेसएक्सला सुमारे ७ कोटी, ॲमेझॉनच्या कायपरला ६ कोटी ७० लाख, व्हायासॅटला ५ कोटी ३३ लाख, टेलिसॅटला ३ कोटी ६ लाख, एसईएसला २ कोटी ९० लाख आणि इनमारसॅटला २ कोटी ८६ लाख. कंपन्यांनी आपल्या खिशातून निदान तेवढेच घालायचे. दोन्ही बाजू धरून पाच वर्षांत १५० कोटी डॉलरहून जास्त गुंतवणूक अपेक्षित होती. हे खरेदीचे कंत्राट नव्हते. ठरलेला टप्पा प्रत्यक्ष करून दाखवला की ठरलेली रक्कम मिळते. खर्च वाढला तर तो कंपनीचा. अंतराळ स्थानकाला माल पोचवण्याची खासगी सेवा २००६पासून याच रीतीने घडवली गेली. आधी सिद्ध करून दाखवा, मग आम्ही स्पर्धेतून सेवा विकत घेऊ, हा तिचा गाभा.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर) : इंटरनेट देणारे हजारो उपग्रह वर आहेतच. यानावर एक टर्मिनल बसवले की काम झाले, नाही का?

उत्तर : नाही, आणि का नाही हे नीट समजून घेण्यासारखे आहे.

पहिली अडचण, ते उपग्रह जमिनीकडे पाहतात. समजा, इंटरनेटचा उपग्रह ५५० किलोमीटरवर आहे आणि अंतराळ स्थानक ४१५वर. दोहोंमध्ये उभे अंतर १३५ किलोमीटर. उपग्रहाचा झोत टॉर्चच्या उजेडासारखा खाली पसरत जातो. जमिनीवर त्याचे क्षेत्र १०० धरले, तर ४१५ किलोमीटर उंचीवर ते ढोबळमानाने फक्त ६ उरते. जमिनीवर एकमेकांना भिडणारे झोत त्या उंचीवर सुटे सुटे पडतात आणि मधे मोठ्या फटी राहतात. आणि ७०० किलोमीटरवरचा पृथ्वीनिरीक्षण उपग्रह तर या झोतांच्या वरच राहिला, त्याला काहीच मिळणार नाही.

भूस्थिर किंवा मध्यम कक्षेतले उपग्रह घेतले तर ते वरून सगळे पाहतात, पण त्यांचे का-बँडचे झोत अरुंद असतात. पाचशे किलोमीटर रुंदीचा झोत विमानाला ओलांडायला अर्धा तास लागतो, अंतराळ स्थानकाला ६५ सेकंद. म्हणजे जवळजवळ दर मिनिटाला हँडओव्हर. विमानासाठी लिहिलेले सॉफ्टवेअर इतक्या वेगाने झोत बदलण्याची अपेक्षाच करत नाही. शिवाय एसईएसचे मध्यम कक्षेतले उपग्रह सुमारे ८,००० किलोमीटरवर विषुववृत्ताभोवती फिरतात, त्यामुळे ध्रुवांकडे जाणारे यान त्यांच्या नजरेतून निसटते.

मग डॉप्लर. रेल्वेची शिटी जवळ येताना बारीक आणि दूर जाताना जाड ऐकू येते, तेच. २८ गिगाहर्ट्झवर विमानाचा डॉप्लर सुमारे २३ किलोहर्ट्झ. कक्षेतल्या यानाचा सातशेच्या आसपास जातो, आणि एका प्रदक्षिणेत अधिकाचा उणे होतो. मोडेमला तो आधी हिशेबाने काढून टाकावा लागतो. यानाची जागा आणि वेळ अचूक माहीत असेल तर हे सोपे आहे. यान नुकतेच रॉकेटपासून सुटले असेल आणि स्वतः कुठे आहे हे त्याला ठाऊक नसेल, तेव्हा तेच अवघड होते.

पुढची अडचण कायद्याची. व्यापारी का-बँडच्या लहरी उपग्रह ते जमीन या कामासाठी राखलेल्या होत्या. उपग्रह ते उपग्रह वापराला परवानगी नव्हती. २०२३च्या अखेरीस दुबईत झालेल्या जागतिक रेडिओ परिषदेने १८.१ ते १८.६, १८.८ ते २०.२ आणि २७.५ ते ३० गिगाहर्ट्झमध्ये ती वाट खुली केली. अट अशी की सेवा घेणारे यान सेवा देणाऱ्या उपग्रहाच्या खाली, त्याच्या झोताच्या शंकूत असावे. एल-बँडचा असाच प्रश्न २०२७च्या परिषदेपुढे आहे. हा निर्णय झाला नसता, तर उत्तम टर्मिनल बनवूनही ते चालू करता आले नसते.

स्पेसएक्स आणि कायपर यांनी म्हणूनच लेसरचा रस्ता धरला. दोन उपग्रहांमधल्या लेसरला ढगांची अडचण नाही आणि रेडिओच्या वाटपाचाही प्रश्न नाही. सप्टेंबर २०२४मध्ये पोलॅरिस डॉन मोहिमेत ड्रॅगन यानावरून स्टारलिंकशी लेसर जुळवून दाखवला गेला. पण लेसरचा किरण इतका बारीक असतो की यानाने दिशा अतिशय काटेकोर धरली पाहिजे. गिरक्या खाणाऱ्या यानाला तो निरुपयोगी.

प्रश्न (कोल्हापूर) : मी सरकारी खात्यात निविदांचे काम पाहतो. अशी सेवा घेताना करारात काय राहून गेले तर फसगत होते?

उत्तर : हा या वेळच्या प्रश्नांमधला सर्वांत मोलाचा प्रश्न आहे. वस्तू विकत घेताना ती तपासून घेता येते. सेवा घेताना तपासायला हातात काही नसते, असतो तो फक्त करारातला मजकूर.

सर्वांत आधी ‘उपलब्धता ९९ टक्के’ हा आकडा फोडून पाहावा. महिन्याचे ७२० तास. एक टक्का म्हणजे ७ तास १२ मिनिटे. ही बंदी दहा दहा सेकंदांची असेल तर कोणाला कळणारही नाही. सलग असेल तर अंतराळ स्थानकाच्या साडेचारहून जास्त प्रदक्षिणा मुक्या जातील. दोन्हींत करार पाळलाच गेला. म्हणून सरासरीबरोबर ‘सलग जास्तीत जास्त खंड किती’ हे वेगळे लिहून घ्यावे, आणि तो कोणत्या अक्षांश-रेखांशांवर पडतो याचा नकाशा जोडावा.

मोजमाप कुठून कुठपर्यंत हेही लिहावे लागते. कंपनीचा उपग्रह चालू होता, पण माहिती नियंत्रण कक्षात पोचली नाही, तर दोष कोणाचा? २५ जुलै २०२३ रोजी ह्यूस्टनच्या नियंत्रण केंद्राच्या इमारतीत वीज गेली आणि अंतराळ स्थानकाशी संपर्क तुटला. उपग्रह, अँटेना, स्थानक सगळे ठणठणीत होते. रशियन यंत्रणेवरून वीस मिनिटांच्या आत अंतराळवीरांना निरोप पोचला. यानाच्या मोडेमपासून नियंत्रकाच्या मेजापर्यंतची साखळी धरून उपलब्धता मोजली, तरच त्या आकड्याला अर्थ आहे.

पण आम्हाला सर्वांत जास्त काळजी वाटते ती कुजबुजीची. टीडीआरएसवर एस-बँडची एक सेवा आहे, जिच्यात एकाच वेळी अनेक याने हळू वेगाने बोलू शकतात. काही यानांना त्यासाठी आधी वेळ राखूनही ठेवावी लागत नाही. स्विफ्ट वेधशाळेला गॅमा किरणांचा स्फोट दिसला की काही सेकंदांत त्याची जागा याच वाटेने जमिनीवर येते आणि जगभरच्या दुर्बिणी तिकडे वळतात. माहिती अगदी थोडी, पण ती त्याच क्षणी हवी.

त्याहून निकराचा प्रसंग म्हणजे बिघडलेले यान. ते गिरक्या खाते आहे, मोठी अँटेना भलतीकडे पाहते आहे, बॅटरी उतरते आहे. अशा वेळी यान चहूकडे पसरणाऱ्या छोट्या अँटेनेवरून अत्यंत क्षीण आवाजात काही शे बिट सांगते. तो आवाज ४० हजार किलोमीटरवरून झेलायला वर साडेचार मीटर व्यासाची अँटेना लागते, आणि टीडीआरएसवर तशा दोन आहेत. हजार किलोमीटरवरच्या रिलेला हेच काम सोपे. अंतर चाळीसपट कमी म्हणजे सिग्नल सोळाशेपट जोरदार. पण त्या रिलेवर त्या बँडचा रिसीव्हर असला तर ना! व्यापारी कंपनी वेग विकते, कारण ग्राहक वेगाचे पैसे देतात. कुजबुज ऐकण्याचा धंदा कोणी आपणहून काढणार नाही. तो हवा असेल तर मागणीत तसे लिहून, वेगळा दर लावून, दरवर्षी चाचणी घेऊन विकत घ्यावा लागेल. नासाने कंपन्यांकडून जी प्रात्यक्षिके मागितली त्यांत प्रक्षेपण, सुरुवातीचे दिवस आणि आपत्कालीन संपर्क हे प्रसंग वेगळे धरले आहेत, ते योग्यच आहे.

अग्रक्रमाचे कलमही स्पष्ट हवे. झोत भरलेला असताना क्रूझ जहाजावरचे प्रवासी आणि संकटातले यान यांच्यात कोणाला आधी? ‘शक्य तितका प्रयत्न’ असे शब्द दिसले की ते कलम पुन्हा लिहायला सांगा.

शेवटी, कंपनीच राहिली नाही तर? उपग्रह-फोनची सेवा देणाऱ्या इरिडियम कंपनीने ऑगस्ट १९९९मध्ये दिवाळखोरी मागितली, तेव्हा ६६ उपग्रह कक्षेत धडधाकट होते आणि ते वातावरणात पाडून टाकण्याची तयारी सुरू झाली होती. डिसेंबर २०००मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याने दोन वर्षांसाठी ७ कोटी २० लाख डॉलरचे कंत्राट दिले, तेव्हा ते जाळे वाचले. आणि २०२२च्या यादीतल्या सहा कंपन्यांपैकी इनमारसॅट मे २०२३मध्ये व्हायासॅटने विकत घेतली. स्पर्धक सहाचे पाच झाले, एकही उपग्रह न बिघडता. सेवा बंद करण्यापूर्वी किती महिन्यांची सूचना, मालकी बदलली तर करार कोणाकडे, आणि यानाचे टर्मिनल दुसऱ्या कंपनीच्या जाळ्यावर चालेल का, हे तीन प्रश्न सही करण्याआधी विचारायचे.

तिसऱ्यासाठी नासाने एक चांगले पाऊल टाकले आहे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेने बनवलेले पेक्स्ट हे टर्मिनल २३ जुलै २०२५ रोजी कक्षेत गेले. सरकारी आणि व्यापारी, दोन्ही का-बँड एकाच यंत्रात. टीडीआरएस, एसईएस आणि व्हायासॅट या तीन जाळ्यांमध्ये एकावरून दुसऱ्यावर जाण्यासाठी ते बनवले आहे. मोबाइलचे रोमिंग जसे, तसेच. यानावरचा भाग बदलता येत नाही, म्हणून कंपनी बदलण्याची मोकळीक यानातच घालून पाठवायची.

प्रश्न (मडगाव) : मग हबल दुर्बिणीचे काय? तिला नवे टर्मिनल बसवणार का?

उत्तर : नाही. हबलची शेवटची दुरुस्ती मे २००९मध्ये झाली आणि तिथे जाऊन काम करणारे शटल आता नाही. तिच्या अँटेना टीडीआरएसच्या एस-बँडसाठी आहेत आणि तशाच राहतील. म्हणूनच जुन्या ग्राहकांसाठी जाळे चालू ठेवले आहे. अंतराळ स्थानक हा मोठा ग्राहक २०३०च्या सुमारास निवृत्त व्हायचा आहे. ग्राहक आणि उपग्रह एकत्र कमी होत जातील, असा हा हिशेब आहे. तो चुकला, म्हणजे ग्राहक टिकले आणि उपग्रह आधी गेले, तर अडचण येईल.

प्रश्न (न्यू जर्सी, अमेरिका) : युरोपने असे काही केले आहे का?

उत्तर : होय, आणि नासाच्या या नव्या प्रयत्नाआधी. युरोपीय अंतराळ संस्था आणि एअरबस यांनी भागीदारीत लेसरवर चालणारे ईडीआरएस उभारले. पहिला रिले जानेवारी २०१६मध्ये युटेलसॅटच्या व्यापारी उपग्रहावर पाहुणा म्हणून गेला, दुसरा ऑगस्ट २०१९मध्ये स्वतंत्र. सेंटिनेल मालिकेतल्या पृथ्वीनिरीक्षण उपग्रहांची माहिती सेकंदाला १.८ गिगाबिटपर्यंत वेगाने त्यावरून येते. तिथे सेंटिनेल हा ठरलेला मोठा ग्राहक पहिल्या दिवसापासून होता, हे त्याच्या स्थैर्याचे कारण.

प्रश्न (नाशिक) : गगनयानासाठी भारत कोणावर अवलंबून राहणार?

उत्तर : इस्रोची स्वतःची आयडीआरएसएस ही रिले योजना आहे, भूस्थिर कक्षेतल्या दोन उपग्रहांची. त्यांच्या जोडीला जमिनीवरची केंद्रे लागतातच. ऑस्ट्रेलियाच्या कोकोस बेटांवर तात्पुरते ट्रॅकिंग केंद्र ठेवण्याची व्यवस्था त्यासाठीच केली आहे. वर पुण्याच्या उत्तरात मांडलेला हिशेब इथेही करून पाहा. दोन रिले एकमेकांपासून किती अंशांवर ठेवले की आंधळा पट्टा कुठे सरकतो, हे कागदावर पाच मिनिटांत काढता येते. दोन्ही भारतातून दिसायला हवेत, तर पट्टा भारताच्या विरुद्ध बाजूला, अमेरिका खंडांच्या आसपास पडेल.

प्रश्न (पुणे) : आमच्या महाविद्यालयात एक किलोचा उपग्रह करतो आहोत. आम्हाला व्यापारी रिले वापरता येईल का?

उत्तर : मर्यादित अर्थाने, हो. पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा ‘स्वयं’ उपग्रह जून २०१६मध्ये गेला तेव्हा हॅम बँड हाच मार्ग होता, आणि आजही मुख्य लिंक तीच ठेवा. रिले ही जोड समजा.

सर्वांत आवाक्यातला पर्याय म्हणजे इरिडियमचा छोटा डेटा मोडेम. ९६०२ हा मोडेम काडेपेटीएवढा आहे. एका निरोपात वर पाठवायला ३४० बाइट, खाली घ्यायला २७०. बॅटरीचा व्होल्टेज, तापमान, जीपीएसची जागा आणि वेळ एवढे १०० बाइटमध्ये बसते. इरिडियमचे उपग्रह ७८० किलोमीटरवर आहेत, म्हणजे तुमची कक्षा ५०० असेल तर वर सांगितलेला शंकूचा नियम लागू. सतत संपर्क मिळणार नाही. उलट दिशेने जाणाऱ्या उपग्रहाशी डॉप्लर जास्त पडून निरोप फसतो, त्याच दिशेने जाणाऱ्याशी जुळण्याची शक्यता अधिक. म्हणून निरोप एकदा पाठवून थांबू नका. अपयशाची नोंद ठेवून, काही मिनिटे थांबून पुन्हा पाठवेल असा कोड लिहा, आणि प्रत्येक निरोपाला क्रमांक द्या, म्हणजे हरवलेले कळतात.

मोडेम निरोप पाठवताना क्षणात एक अँपिअरपेक्षा जास्त प्रवाह ओढतो. लहान बॅटरीचा व्होल्टेज तेवढ्यात घसरून मुख्य कॉम्प्युटर रीसेट होण्याचा धोका आहे. मोडेमजवळ सुपरकपॅसिटर लावा आणि त्याला हळू चार्ज करा. टेबलावर ही चाचणी बॅटरी थंड करून घ्या. खोलीच्या तापमानात सगळे छान चालते. अँटेना आकाशाकडे राहील याची खात्री नसेल तर विरुद्ध बाजूंना दोन लावा आणि त्यांच्यात स्विच ठेवा.

परवानगीचे काम पहिल्याच महिन्यात सुरू करा. अंतराळातल्या खासगी कामांना परवानगी देणाऱ्या इन-स्पेस या सरकारी संस्थेकडे अर्ज आणि दूरसंचार विभागाच्या वायरलेस शाखेकडून लहरींची मंजुरी, दोन्ही लागतात. हा मोडेम जमिनीवरच्या वापरासाठी विकला जातो, अंतराळातून त्याच लहरी वापरणे हा नियमांच्या दृष्टीने वेगळा वापर आहे. अर्जात तसे स्पष्ट लिहा आणि सेवा देणाऱ्या कंपनीचे संमतीपत्र जोडा. मोडेम चालू-बंद करण्याची आज्ञा मात्र हॅम लिंकवरूनच द्या. परवानगी अडली किंवा मोडेम अडकला, तर तो जमिनीवरून बंद करता आला पाहिजे.